बाबा वारीला निघाले आहेत: फ्लूची लस द्यावी का, आणि नेमकी केव्हा?

सासवडची लेक | १२ मे २०२५

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. चौदा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे, २०२१ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे, आणि करोनाची दोन वर्षे सोडली तर आषाढीची पायी वारी त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. यंदा माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान १९ जूनला आहे, म्हणजे आमच्या हाती पाच आठवड्यांहून थोडे अधिक दिवस आहेत. गेल्या वर्षी लोणंदच्या मुक्कामात त्यांना ताप भरला. अंगदुखी ही चालण्याची आहे असे समजून त्यांनी दोन दिवस कोणाला सांगितले नाही आणि शेवटी फलटणहून आम्ही त्यांना गाडीने परत आणले. तपासणीत एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, निघाला, साखर चारशेच्या पुढे गेली आणि आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले.

नेहमीच्या डॉक्टरांना लशीबद्दल विचारले, तेव्हा ‘घेतली तर चांगलेच’ एवढेच उत्तर मिळाले. ‘तर’ या शब्दावर घरात वाद सुरू झाला आहे. भावाचे म्हणणे असे की एकदा आजार होऊन गेला आहे, मग पुन्हा पैसे कशाला घालायचे. बाबांची चिंता वेगळीच आहे. ते रोज पहाटे आठ किलोमीटर चालण्याचा सराव करतात आणि लशीने ताप आला तर सराव बुडेल, असे त्यांना वाटते. आईला दमा आहे, पण तिच्याविषयी अजून कोणी बोललेलेच नाही. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हा निर्णय घेतला आहे, त्यांनी कशाच्या आधारे घेतला हे सांगितले तर मला मदत होईल.

नीरक्षीर | १२ मे २०२५

मी लसविरोधक नाही, हे आधी स्पष्ट करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये कार्यालयातल्या शिबिरात मी ही लस घेतली होती, त्यासाठी अठराशे रुपये मोजले होते आणि बाराव्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळलो होतो. नंतर वाचले की लशीचा उपयोग चाळीस ते साठ टक्के होतो. म्हणजे ती नाणेफेकच झाली. दरवर्षी नवी लस, दरवर्षी नवा खर्च आणि तरीही खात्री नाही, असे असेल तर निरोगी माणसाने यात का पडावे, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. आपल्या वडिलांची गोष्ट कदाचित वेगळी असेल.

बंद दवाखाना | १३ मे २०२५

मी छत्तीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करून आता निवृत्त झालो आहे. ताईंच्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. तरी त्यांनी जे ‘तर’ मोघम ठेवले आहे ते जरा उलगडून सांगतो.

फ्लूची लस म्हटली की लोक एकच प्रश्न विचारतात, की ताप येणारच नाही ना. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न असा आहे, की फ्लू झालाच तर त्यांच्या हृदयाचे आणि साखरेचे काय होईल. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात झालेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या माणसाला त्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका त्याच माणसाच्या एरवीच्या काळाच्या तुलनेत सुमारे सहापट असतो, असे त्यात दिसले. दुसरा अभ्यास २०२१ मध्ये आला. झटका आलेल्या किंवा अँजिओप्लास्टीसाठी दाखल झालेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालयातच फ्लूची लस दिली आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले. वर्षभरात मरण पावलेल्यांचे प्रमाण लस मिळालेल्यांत २.९ टक्के होते, न मिळालेल्यांत ४.९ टक्के. ते रुग्ण ताजे होते आणि तुमच्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीला चार वर्षे झाली आहेत, त्यामुळे तेच आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र स्पष्ट आहे.

आता नीरक्षीर यांचा मुद्दा. नाणेफेकीत छाप किंवा काटा, दोनच गोष्टी संभवतात. इथे तसे नाही. समजा, एका पावसाळ्यात लस न घेतलेल्या शंभर माणसांपैकी दहा जणांना फ्लू होणार आहे. लस पन्नास टक्के उपयोगी असेल तर लस घेतलेल्या शंभरांपैकी पाच जणांना तो होईल. उरलेल्या पंचाण्णवांना होणार नाही, पण त्यांतल्या नव्वदांना तसाही होणार नव्हता. निरोगी, तिशीतल्या माणसाला हा फायदा छोटा वाटला तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. एकदा रुग्णालय पाहून आलेल्या सत्तरीतल्या मधुमेही माणसाच्या बाबतीत मात्र दहाचे पाच होणे मला छोटे वाटत नाही. म्हाताऱ्यांमध्ये लशीचा परिणाम तरुणांपेक्षा कमी पडतो, हेही खरे आहे. तरीही होणारा आजार सौम्य राहण्याची आणि दाखल होण्याची वेळ टळण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट. बाराव्या दिवशी आलेला तो ताप फ्लूचाच होता, याची तपासणी झाली होती का? सर्दी-तापाचे विषाणू डझनांनी आहेत आणि ही लस त्यांतल्या फक्त इन्फ्लूएंझाच्या निवडक प्रकारांवर चालते. शिवाय प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. लस टोचून फ्लू होऊ शकत नाही, कारण आपल्याकडे दंडात टोचतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखणे, अंग कसकसणे, एखाद-दोन दिवस बारीक ताप, एवढे मात्र होऊ शकते. बाबांचा सराव फार तर दोन दिवस बुडेल.

नीरक्षीर | १३ मे २०२५

तपासणी झाली नव्हती, हे मान्य करतो. मग सप्टेंबरात शिबिर घेण्याचा उद्देश तरी काय होता?

बंद दवाखाना | १३ मे २०२५

उद्देश चांगला असेल, कॅलेंडर मात्र परदेशातले होते. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून तिकडे ऑक्टोबरच्या सुमारास लस घेतात. मुंबई-पुण्याकडे त्याचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा, साधारण जून ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्चमध्येही एखादी लाट येते. २०२३ च्या मार्चमधली एच३एन२ची लाट अनेकांना आठवत असेल. लशीचे संरक्षण महिन्यागणिक ओसरत जाते. त्यामुळे महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाने एप्रिल-मेमध्ये लस घेणे शहाणपणाचे. श्रीनगरचे नातेवाईक असतील तर त्यांना ऑक्टोबर सांगा, कारण काश्मीरमध्ये फ्लू थंडीतच येतो. एका देशात दोन कॅलेंडरे आहेत आणि शिबिरे घेणाऱ्यांना बहुधा एकच ठाऊक असते.

टोरांटोकर | १३ मे २०२५

हे वाचून मला ओशाळल्यासारखे झाले आहे. ऑन्टारियोत २००० सालापासून फ्लूची लस सगळ्यांना मोफत मिळते. दर ऑक्टोबरात मी कोपऱ्यावरच्या औषधदुकानात जाऊन ती घेते आणि त्याच संध्याकाळी कोल्हापूरला फोन करून आईबाबांनाही घ्यायला लावते. सलग चार वर्षे मी हे केले. ते बिचारे दरवर्षी पावसाळा उलटून गेल्यावर पैसे भरून लस घेत होते आणि पुढच्या जूनमध्ये खोकत होते. इथे ६५ वर्षांवरच्या लोकांना अधिक मात्रेची लस देतात. तशी तिकडे मिळते का?

बंद दवाखाना | १४ मे २०२५

माझ्या दवाखान्यात ती कधी आली नाही आणि तिची वाट पाहत मे घालवू नये. आईबाबांना मात्र यंदा आजच फोन करा.

पेठेतली | १४ मे २०२५

थोडी शंका आहे. ऑगस्ट २००९ मध्ये मी पुण्यातच, शनिवार पेठेत राहत होते. ३ ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्या शहरात झाला, तोही चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा, आणि पाहता पाहता शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद झाली. नायडू रुग्णालयाबाहेरची रांग मी स्वतः पाहिली आहे. तोंडाला रुमाल बांधून फिरणारे पुणेकर तेव्हा नवलाचे होते, पुढे अकरा वर्षांनी तेच नेहमीचे दृश्य झाले. दुसऱ्या वर्षी सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची स्वाइन फ्लूची लस आली, ती आम्ही घेतली होती. आता धाग्यात चर्चा चालली आहे ती लस वेगळी आहे का? आणि वडिलांना एच१एन१ होऊन गेला असताना ती पुन्हा कशासाठी?

बंद दवाखाना | १४ मे २०२५

दोन्ही प्रश्न चांगले आहेत, आणि दुसरा तर ताईंच्या भावाचाच आहे.

२०१० ची ती फवाऱ्याची लस दुर्बळ केलेल्या जिवंत विषाणूची होती आणि फक्त स्वाइन फ्लूसाठी होती. २००९ चा तो विषाणू नंतर कुठे गेला नाही. तो माणसांत मुरला आणि दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग झाला. त्यामुळे आता ‘स्वाइन फ्लूची वेगळी आणि फ्लूची वेगळी’ असे काही राहिलेले नाही, नेहमीच्या लशीत तो असतोच. मुरला म्हणजे मवाळ झाला असे मात्र समजू नये. २०१५ मध्ये देशात त्याने जवळपास तीन हजार बळी घेतले आणि त्यांत महाराष्ट्रातले पुष्कळ होते.

होऊन गेलेला फ्लू ज्या प्रकाराचा होता त्याच्याविरुद्ध काही काळ संरक्षण देतो. पण लशीत एच१एन१, एच३एन२ आणि बी, असे किमान तीन निरनिराळे विषाणू असतात. एकाशी झुंज दिली म्हणून बाकीचे दोन ओळखीचे होत नाहीत. त्यातच हे विषाणू आपले बाह्यरूप सतत थोडे थोडे बदलत राहतात, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीची यादी नव्याने ठरवते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात.

हे सांगितले, कारण याचा औषधदुकानात थेट उपयोग आहे. मे महिन्यात दोन प्रकारचे खोके समोर येऊ शकतात. एक ‘२०२४-२५, उत्तर गोलार्ध’, म्हणजे मागच्या हंगामाचा उरलेला माल, त्याची मुदत बहुधा जूनच्या आसपास संपते. दुसरा ‘२०२५, दक्षिण गोलार्ध’. या दोहोंत एच३एन२चा वाण वेगळा आहे. मिळाला तर दुसरा घ्यावा. ‘चार विषाणूंची की तीन?’ या प्रश्नावर मात्र अडून बसू नका. चौथा, बी-यामागाता नावाचा प्रकार, मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने आढळलेलाच नाही. विक्रेता चारवर जास्त पैसे लावत असेल तर ते एका बेपत्ता माणसाच्या बंदोबस्ताचे पैसे आहेत.

सासवडची लेक | १५ मे २०२५

इतक्या सविस्तर उत्तरांसाठी मनापासून आभार. भाऊ आता गप्प आहे. अडचण मात्र अगदी निराळीकडून आली. काल लशीचे माहितीपत्रक वाचताना विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, असे दिसले. बाबा माळकरी आहेत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माळ घातल्यापासून त्यांनी अंडे घातलेला केकसुद्धा खाल्लेला नाही. भाऊ म्हणतो, सांगूच नकोस. मला ते पटत नाही, पण सांगितले आणि त्यांनी नकार दिला तर काय, ही भीती आहे.

नीरक्षीर | १५ मे २०२५

सांगा. लशीच्या उपयोगाविषयी मी शंका घेतली, पण इथे माझ्या मनात शंका नाही. दंड त्यांचा आहे आणि व्रतही त्यांचे आहे. पुढे कोणा तिसऱ्याकडून कळले तर यापुढे तुम्ही दिलेल्या गोळीवरही त्यांचा विश्वास राहणार नाही.

बंद दवाखाना | १५ मे २०२५

मीही हेच सांगेन. विषाणू अंड्यात वाढवतात, तो वेगळा काढून निष्क्रिय करतात आणि शुद्ध करतात. शेवटी अंड्यातल्या प्रथिनाचा अतिसूक्ष्म अंश उरू शकतो. अंड्याविना बनवलेल्या लशीही जगात आहेत, पण आपल्याकडे सहसा हाती पडते ती अंड्यात वाढवलेलीच. माझ्याकडे येणाऱ्या माळकऱ्यांना मी हे सरळ सांगत असे. बहुतेक घेत, काही घेत नसत. न घेणाऱ्यांना मी एकच सांगे, की ताप आल्यावर पहिल्या ४८ तासांत डॉक्टर गाठा, कारण ऑसेल्टामिव्हिर हे औषध लवकर सुरू केले तरच त्याचा पुरता उपयोग होतो. गेल्या वर्षी लोणंदला गेलेले ते दोन दिवस नेमके हेच होते. जाता जाता, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही आता ही लस वर्ज्य मानत नाहीत. पूर्वी लशीच्याच डोसाने गंभीर ॲलर्जी झाली असेल तर मात्र ती टाळावी.

टाळवाला | १६ मे २०२५

मी गेली बावीस वर्षे एका दिंडीत व्यवस्था पाहतो, त्यामुळे राहवले नाही म्हणून लिहितो. वारीत आजार पावसाने भिजल्यामुळे येतो, असे सर्वांना वाटते. माझा अनुभव असा, की भिजून दिवे घाट चढताना कोणी आजारी पडत नाही. रात्री एका तंबूत पंचवीस जण दाटीवाटीने झोपतात, पाऊस म्हणून कनात खाली सोडलेली असते आणि सासवडला एकाला खोकला सुरू झाला की वाल्ह्यापर्यंत अर्धा तंबू खोकत असतो.

अंड्याचा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आला होता. आमच्या दिंडीचालकांनी दिलेले उत्तर असे होते, की जिभेवर ठेवून खाल्ले ते खाणे, दंडात टोचले ते औषध. सगळ्यांना ते पटले असे नाही. आमचे एक विणेकरी आजही लस घेत नाहीत आणि त्यांना कोणी काही बोलत नाही. ताईंनी बाबांना त्यांच्याच दिंडीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलू द्यावे. तुमच्यापेक्षा त्यांचे ऐकतील.

एक माहिती द्यायची राहिली. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांना तसेच गरोदर स्त्रियांना ही लस मोफत देण्याचा कार्यक्रम राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केला होता. साठा प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक वेळी असतोच असे नाही. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात तीन खेपा घातल्यावर मला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे चौथ्यांदा ऐकावे लागले. तरी विचारायला हरकत नाही. प्रस्थान तोंडावर असताना त्यावर विसंबून मात्र राहू नये.

खडूफळा | १६ मे २०२५

मी बालवाडीत शिकवते. सगळा धागा बाबांभोवती फिरतो आहे आणि पहिल्याच पोस्टमध्ये ‘आईला दमा आहे’ हे वाक्य येऊन गेले आहे. फ्लूचे वाहक वारकऱ्यांइतकेच आमचे विद्यार्थी असतात. घरात लहान मूल आहे का?

सासवडची लेक | १६ मे २०२५

आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, जूनमध्ये पहिल्यांदाच बालवाडीत जाणार आहे आणि दिवसभर आईजवळच असतो. तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आले, की गेल्या वर्षी बाबांच्या मागोमाग आईचाही दमा बळावला होता आणि आम्ही तो धावपळीच्या नावावर टाकून दिला होता.

खडूफळा | १६ मे २०२५

मग बालरोगतज्ज्ञांना विचारा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरवर्षी फ्लूची लस द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, पण सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात ती नसल्यामुळे पालकांना माहीतच नसते. पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. मे उलटला की हे गणित शाळेच्या पहिल्या दिवसाशी जुळत नाही.

सासवडची लेक | २० मे २०२५

बाबांना सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी दिंडीतल्या एका जुन्या सोबत्याला फोन लावला. बोलणे बराच वेळ चालले आणि त्यातले निम्मे कांदेबटाट्याच्या भावाविषयी होते. फोन ठेवून म्हणाले, ‘इन्सुलिन पूर्वी डुकरागाईंचे यायचे म्हणे. त्याच्या वडिलांनी ते घेऊन अकरा वाऱ्या केल्या.’ एवढ्यावर विषय संपला.

पहिल्या औषधदुकानात मागच्या हंगामाचाच खोका होता. विक्रेत्याने ‘एकच असते हो सगळे’ असे ऐकवले, आणि फ्रीज उघडला तेव्हा आतला दिवासुद्धा लागला नाही. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, एवढे मला माहीत होते, म्हणून आम्ही पुढे गेलो. दुसरीकडे ‘२०२५, दक्षिण गोलार्ध’ मिळाला आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातच १७ तारखेला बाबांना व आईला लस टोचून घेतली. बाबा ॲस्पिरिन घेतात, म्हणून डॉक्टरांनी टोचल्यावर दोन मिनिटे कापूस दाबून धरायला आणि न चोळायला सांगितले. मुलालाही त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पहिली मात्रा दिली, दुसरी १४ जूनला आहे. तीन लशींचे मिळून साडेपाच हजारांच्या आसपास गेले. ते कमी नाहीत, पण गेल्या वर्षीचे रुग्णालयाचे बिल अजून माझ्या कपाटात आहे.

बाबांचा दंड एक दिवस दुखला, ताप आला नाही. आईला रात्री थोडी कणकण होती.

बंद दवाखाना | २० मे २०२५

उत्तम. आईंना न्यूमोनियाच्या लशीविषयीही त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ती दरवर्षी घ्यावी लागत नाही. आणि बाबांना सांगा, की लस घेतली म्हणून वारीतला ताप अंगावर काढायचा नाही. तो डेंग्यूचाही असू शकतो, टायफॉइडचाही, आणि त्यांतल्या कशालाही ही लस लागू नाही.

सासवडची लेक | १५ जून २०२५

मुलाची दुसरी मात्रा काल झाली. बाबांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. तिच्यात साखर मोजण्याचे यंत्र, थर्मामीटर, आठ मास्क आणि एका जाड कागदावर त्यांची औषधे, आजार, लशीची तारीख व माझा क्रमांक लिहून ठेवला आहे. अंग तापले तर त्याच दिवशी पालखीतळावरच्या वैद्यकीय पथकाकडे जायचे आणि मला फोन करायचा, हे त्यांनी कबूल केले आहे. त्यांच्या तंबूतल्या सहा जणांनीही यंदा लस घेतली. दोघांनी अंड्याचे कळल्यावर नको म्हटले आहे, आणि आठ मास्क का घेतले असे विचारल्यावर बाबा म्हणाले, त्यांतले चार त्या दोघांसाठी आहेत.